कुलपाआडचा डोंगर

विभागात तिला सगळे वाळूबाई म्हणत. तोंडावर मॅडम आणि पाठीमागे वाळूबाई; पाठीमागे म्हणजे फार मागे नाही, तिला ऐकू जाईल इतपतच. तिची त्याला हरकत नव्हती. उभं आयुष्य वाळूचे डोंगर करण्यात घालवलेल्या बाईला लोक दुसरं काय म्हणणार?

तिची प्रयोगशाळा तळमजल्यावर, जिन्याखाली होती. खोलीत एक लांबलचक टेबल, त्यावर दोन्ही अंगांना काच असलेली पेटी. पेटीत ती रंगीत वाळूचे थर घाली. तळाशी बारीक काचेच्या मण्यांचा निसरडा थर, त्यावर पांढरा, निळा, पुन्हा पांढरा, मग तांबडा. प्रत्येक थर चाळणीतून पाडायचा, पट्टीने सारखा करायचा, आणि तोवर शिंकसुद्धा यायला बंदी. मोटर चालू केली की पेटीच्या एका टोकाची उभी फळी मुंगीच्या गतीने पुढे सरकू लागे आणि वाळूला रेटा बसे. थर आधी नुसते फुगत, मग त्यांना वळ्या पडत. मग केव्हातरी तिरका तडा जाई आणि मागचा सगळा गठ्ठा पुढच्याच्या डोक्यावर चढून बसे. जुना थर वर, नवा खाली. पुन्हा रेटा, त्याच्या पुढे पुन्हा नवा तडा, पुन्हा चढाचढी. खऱ्या डोंगररांगाही अशाच होतात. त्यांना लाखो वर्षं लागतात, वाळूबाईचा डोंगर सकाळी सुरू होऊन दुपारपर्यंत उभा राही.

ह्या खेपेचा डोंगर मात्र हौसेचा नव्हता. गावापासून दिसणाऱ्या रांगेच्या पायथ्याशी, शेवटच्या टेकडीपुढच्या सपाटीवर, मोठं रुग्णालय बांधायचं चाललं होतं. त्या रांगेला अजून मागून रेटा बसतोय हे सगळ्यांना माहीत होतं. प्रश्न एवढाच होता की पुढचा तडा कुठे जाणार? सपाटीखाली गेला तर रुग्णालय नेमकं त्याच्या तोंडावर. मागे, डोंगराच्या पोटात गेला तर पायथा त्यातल्या त्यात बरा. जमिनीला भोकं पाडून पाहिली, पण वर इतका गोटेमातीचा थर होता की जमिनीने ताकास तूर लागू दिली नाही. मग समितीला वाळूबाईची आठवण झाली. वाळूचा डोंगर म्हणजे काही पुरावा नव्हे, हे ती स्वतःच आधी सांगत असे. पण बाकीच्या मतांचं पारडं इतकं समसमान होतं की तिच्या मतावरच ते झुकणार होतं.

आणि रुग्णालयाचे नकाशे तिच्या नवऱ्याने काढले होते.

हे तिने समितीला पहिल्याच बैठकीत सांगून टाकलं होतं. अध्यक्ष हसून म्हणाले होते, "तुमच्यावर आमचा विश्वास आहे." बोलून मोकळे झाले ते, त्या वाक्याचं ओझं वाळूबाईच्या मानेवर बसलं. नवऱ्याने आजवर घरं, दुकानं, एक बसथांबा असं काय काय बांधलं होतं, पण मनासारखं मोठं काम हे पहिलंच. कित्येक वर्षं तो त्यावर खपत होता. खाटेवरून प्रत्येक रोग्याला डोंगर दिसला पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. जागा बदलली तर काम दुसऱ्याकडे जाणार हेही ठरल्यासारखंच होतं.

सुरुवातीचे डोंगर सरळ वागले. तडे एकापुढे एक गेले, शेवटचा सपाटीखाली. घरी तिने ते नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "पण असंच का? मागे का नाही फुटत?"

तिला शिकवायची खोडच. तिने ओट्यावर पीठ पसरलं आणि तळहाताने रेटून दाखवलं. "हे बघ. रेट्याने ढीग होतो. ढिगाचा एक उतार ठरलेला असतो. तेवढा उतार झाला की सगळा ढीग एकदम पुढे सरकतो आणि पुढे नवीन तडा जातो. उतार कमी असला, तर मात्र तो पुढे जात नाही. आधी आपल्याच पोटात फुटून मागची उंची भरून काढतो."

"म्हणजे कोणी वरून थोडं पीठ काढून घेतलं तर?"

"तर मागे फुटेल. डोंगर झिजतात ना पावसापाण्याने, तिथे होतं असं."

"हं," नवरा म्हणाला आणि त्याने ओट्यावरचं पीठ ओंजळीत गोळा करून डब्यात परत टाकलं. सासूबाई दारातून म्हणाल्या, "झाला का अभ्यास? मग त्याच पिठाचं जेवायला करा काहीतरी." तिघंही हसले. त्या वेळी त्यात हसण्याखेरीज काही नव्हतं.

पुढच्या आठवड्यात डोंगर मागे फुटला.

सकाळी सगळं ठीक होतं. दुपारी नवरा नेहमीसारखा डबा घेऊन आला. ती मोटर बंद करून डबा गरम करायला वरच्या मजल्यावर गेली, तो खोलीतच थांबला. दोघं बाहेरच्या बाकावर जेवली. तो गेला, तिने मोटर पुन्हा चालू केली आणि थोड्याच वेळात डोंगराच्या पाठीमागच्या अंगाला, फळीच्या अगदी जवळ, तडा गेला. पुढची सपाटी जशीच्या तशी. एखाद वेळी होतं असं म्हणून तिने पुन्हा थर घातले. पुन्हा तेच, पुन्हा जेवणानंतर. पेटीतली वाळू उपसून वजन केलं तर वाटीभर कमी भरली. तिच्या मनात पाल चुकचुकली. कोणीतरी डोंगराच्या माथ्यावरून वाळू काढत होतं.

पहिला संशय आकडेसरांवर गेला. ते शेजारच्या खोलीत संगणकावर डोंगर करत आणि वाळूबाईच्या डोंगराला उघड उघड भातुकली म्हणत. ती तडक त्यांच्याकडे गेली.

"माझ्या खोलीत आला होतात का तुम्ही?"

"मी? तुमच्या खोलीतून बाहेर आलं की बुटात वाळू जाते. माझा डोंगर विजेवर चालतो, त्याला झाडू लागत नाही." मग जरा थांबून ते म्हणाले, "आणि खरं सांगू, माझाही पुढेच फुटतोय. तुमचाही पुढे फुटला तर मला आनंदच आहे. आयुष्यात एकदा तरी आपलं पटेल."

बोलणं खोचक असलं तरी चोख होतं. ह्या माणसाला वाळू चोरून काही मिळणार नव्हतं. मग तिने झाडलोटीच्या मावशींना विचारलं. मावशी कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "बाई, जमिनीवर सांडलेलीच उरकत नाही मला. टेबलावरची आणखी कशाला ओढवून घेऊ?"

उरलं कोण? खोलीची दुसरी किल्ली एकाच माणसाकडे होती. किल्ल्या विसरायची सवय तिची, म्हणून तिनेच ती त्याला दिली होती. मागे तडा गेला तर फायदा होणारा माणूसही तोच. आणि वरून थोडं काढून घेतलं तर काय होतं हे ह्या जगात त्याला तिनेच, पीठ पसरून, शिकवलं होतं.

एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की त्याला खायला काहीही चालतं. तो डबा घेऊन जरा लवकर आला तरी ती मनात म्हणे, लवकर का? उशिरा आला तर, उशिरा का? तिने तोंडाने काही विचारलं नाही, फक्त जेवताना त्याच्या नखांकडे बघत राही. एका सकाळी सासूबाई त्याचा शर्ट झटकत बाहेर आल्या.

"तुझा नवरा ह्या वयात वाळूत खेळतो की काय? खिशात बघ किती."

निळी वाळू होती. वाळूबाईने शर्ट हातात घेतला आणि खिसा उलटा करून दाणे तळहातावर पाडले. मागून सासूबाई आणखी काहीतरी बोलत होत्या, ते तिच्या कानांपर्यंत पोचलं नाही. आता विचारायचंही काही उरलं नाही असं तिला वाटलं. रागापेक्षा तिला वाईट जास्त वाटत होतं. माणसाने भांडावं, जागेसाठी आदळआपट करावी, ते तिने सहन केलं असतं. पण रोज हसत डबा आणायचा आणि पाठ वळताच तिच्या कामात हात घालायचा?

त्याच दिवशी तिने खोलीचं कुलूप बदललं. त्याला काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नवे थर घातले, दार आतून बंद केलं आणि मोटर चालू करून डोळ्यांत तेल घालून पेटीसमोर बसली.

दुपारी दाराशी पावलं वाजली. किल्ली कुलपात गेली, फिरली नाही. बाहेर काढून पुन्हा घातली गेली. मग दारावर टकटक झाली, हळूच, तिच्या कामात व्यत्यय नको अशा बेताने.

"अगं, आहेस का आत?"

ती उठली नाही. मोटरची घरघर बाहेर ऐकू जात होती, तेव्हा ती आत आहे हे त्याला कळत होतं आणि त्याला कळतंय हे तिला. तो काही वेळ तसाच उभा राहिला असावा. मग डबा फरशीवर टेकल्याचा आवाज आला आणि पावलं जिन्याकडे गेली. तिने डोळे पुसले आणि पेटीकडे पाहिलं.

डोंगराचा माथा खचत होता.

खोलीत तिच्याशिवाय कोणी नव्हतं. दार बंद, कुलूप नवं, तिचे दोन्ही हात मांडीवर. आणि तरी फळीलगतची वाळू अगदी सावकाश खाली बसत होती, माथ्याचा उतार कमी होत होता, आणि तिच्या डोळ्यांदेखत मागच्या अंगाला तडा गेला. ती ताडकन उठली. फळीच्या मागे मोटरचं खोकं होतं, त्यावर पत्र्याचं झाकण. त्यात हात घालायचा नाही अशी मेकॅनिकची सक्त ताकीद असल्यामुळे तिने ते वर्षानुवर्षं उघडलं नव्हतं. आता तिने स्क्रू काढून झाकण उचललं. आत निळ्या, पांढऱ्या, तांबड्या वाळूची मिसळलेली रास साचली होती. फळीच्या खालच्या कडेला लावलेली नमद्याची, म्हणजे दाबलेल्या लोकरीची, पट्टी मधोमध झिजून गेली होती. काचेलगत ती शाबूत होती, त्यामुळे बाहेरून काही दिसत नव्हतं. सकाळभर वाळू गळत राहायची आणि दुपारपर्यंत डोंगर पुरता अशक्त व्हायचा. नवरा त्याच सुमारास डबा घेऊन यायचा, एवढाच काय तो त्याचा अपराध.

मग तिला सासूबाईंचं ते न ऐकलेलं बोलणं आठवलं. घरात एकच मशीन, सगळ्यांचे कपडे त्यात एकत्र. माझ्या पदरातसुद्धा तुझी वाळू निघते, असंच काहीतरी त्या म्हणाल्या असणार.

दुसऱ्या दिवशी तिने नवी पट्टी बसवली, थर घातले आणि पुन्हा एकदा मोटर चालू केली. दार बंदच होतं. आता ते सवयीने बंद होतं. त्या दिवशी डबा आला नाही. डोंगर सरळ वागला. तडे एकापुढे एक गेले आणि शेवटचा सपाटीखाली, जिथे रुग्णालयाचं प्रवेशद्वार यायचं होतं तिथे.

त्या संध्याकाळी स्वयंपाकघरात ती त्याच्यासमोर बसली. दोन गोष्टी सांगायच्या होत्या, दोन्ही अवघड. एक, तू चोर नाहीस. दोन, तुझं रुग्णालय तिथे उभं राहू शकत नाही. तिने पहिलीपासून सुरुवात केली. काही लपवलं नाही. पीठ, किल्ली, शर्टाचा खिसा, सगळं सांगितलं. पट्टी झिजली होती हे सांगितलं. माफी मागितली. मग दुसरी सांगितली.

नवऱ्याने सगळं ऐकून घेतलं. शेवटी म्हणाला, "मी वाळू काढतो असं वाटलं तुला."

"हो."

"मला काय वाटलं सांगू?" तो टेबलावर बोट फिरवत होता. "दोनदा मागे फुटला, हे तूच सांगितलंस मला. मी खूश होतो. लपवलंही नाही मी. आणि लगेच तू कुलूप बदललंस. हाक मारली तर ओ दिली नाहीस. मला वाटलं, नवऱ्याच्या बाजूने निकाल लागतोय, लोक काय म्हणतील, म्हणून ही आता दार लावून तडा पुढे आणणार. आणि मी ते बघू नये अशी हिची इच्छा आहे."

"मी? मी निकाल फिरवीन?"

"मी वाळू चोरीन?"

आत सासूबाईंनी खोकून आपण जागे असल्याचं कळवलं. दोघांनी आवाज खाली आणला.

"पट्टी झिजली होती रे. उद्या ये, दाखवते."

"झिजलेली पट्टी दाखवशील. पण ती कधी झिजली, कोणी झिजवली, मला काय कळणार? कुलपाआड झालेला निकाल आहे तो." हे तो चिडून म्हणाला नाही, आणि म्हणूनच तिला जास्त लागलं. समितीला आपण काहीही पटवू शकतो, हे तिला कळत होतं. समोर बसलेल्या एका माणसाला पटवायला मात्र तिच्याकडे काही नव्हतं. समितीची बैठक दोन दिवसांवर आली होती, आणि पुढेच फुटला असं मत तिने एकटीने लिहून दिलं तर ह्या घरात ते कायमचं ह्या दोघांच्या मधे बसणार होतं.

तिने नवी किल्ली टेबलावर ठेवली. "उद्या तू कर डोंगर. थर तू घाल, मोटर तू चालव. नवी पट्टी आहे, जुनी बाजूला ठेवली आहे. तुला हवी ती लाव. मी बाहेर बसेन."

"मी माझ्या बाजूचा निकाल आणला तर?"

"तर तसंच लिहीन," ती म्हणाली.

सकाळी तो आत गेला आणि ती बाहेरच्या बाकावर बसली. दार त्याने लावून घेतलं. चाळणी हलल्याचा आवाज येत होता, फार भरभर. ती मनात म्हणाली, हळू, हळू, थर उंचसखल होईल. उठून सांगावंसं वाटलं, पण बसून राहिली. पुढे मोटर सुरू झाली. आकडेसर जिन्यावरून उतरले, तिला बाहेर बघून थबकले.

"घराबाहेर काढलं की काय?"

"हो," ती म्हणाली. आकडेसर आपल्या खोलीकडे निघून गेले.

किती वेळ गेला कोण जाणे. त्या वेळात तिच्या मनाने काय काय केलं ते तिचं तिलाच ठाऊक. जुनी पट्टी लावली असेल का त्याने? माथ्यावर हात फिरवायला किती वेळ लागतो? दार ढकललं तर उघडेल, कडी लावल्याचा आवाज आलेला नाही. ती आपल्यावरच वैतागली. काल ह्याच माणसाची माफी मागितली होती ना तिने? पण एकदा शिरलेला संशय, कारण संपलं म्हणून लगेच निघून जात नाही. तिने हात मांडीखाली दाबून ठेवले.

मोटर थांबली. दार उघडलं. नवरा बाहेर आला, कोपरापर्यंत वाळूने माखलेला, भुवयांवरसुद्धा निळी धूळ. तिने त्याच्या चेहऱ्यावरून काही कळतं का ते पाहिलं.

"पुढे," तो म्हणाला. "माझ्या दारातच."

सुटल्यासारखं तिला वाटलं, त्याच्यासाठी गलबलूनही आलं. त्याने खिशातून रुमाल काढला, पण हात न पुसता तसाच मुठीत धरला. कित्येक वर्षांचं काम एका शब्दात गेलं होतं आणि तो शब्द त्याने स्वतः उच्चारला होता. तिला बघायला आत जायची गरज वाटली नाही. त्याच्यावर तिचा पूर्ण विश्वास बसला होता. पण कशामुळे बसला, हेही तिला त्याच क्षणी कळलं. त्याचं नुकसान झालं म्हणून बसला होता. ह्याची तिला इतकी लाज वाटली की तिने मान खाली घातली.

तो तिच्याकडे बघत होता.

"मागे फुटला असता," त्याने विचारलं, "तर मानलं असतंस माझं?"

हो म्हणता आलं असतं. काल म्हणालीच होती ती, तसंच लिहीन म्हणून, आणि लिहिलंही असतं. पण त्याने लिहिण्याबद्दल विचारलं नव्हतं.

"नसतं," ती म्हणाली.

त्याने मान हलवली. मग तो बाकावर, तिच्यापासून जरा अंतर ठेवून बसला आणि हात पुसू लागला.